“पप्पा, किती मार्क मिळाले तर चालतील?”



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपण अरण्यातल्या मोहाचे शुभवर्तमान ऐकतो आणि दुसऱ्या रविवारी डोंगरावरच्या रूपांतराचे. दरवर्षी हाच क्रम असतो. गेल्या रविवारी सैतान येशूपाशी आला आणि म्हणाला, की तू जर देवाचा पुत्र असशील, तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. आज ढगातून पित्याची वाणी येते आणि सांगते, की हा माझा लाडका पुत्र आहे, त्याचे म्हणणे ऐका. सैतानाच्या बोलण्यात ‘जर’ आहे. पित्याच्या बोलण्यात ‘जर’ नाही.

शाळांच्या वार्षिक परीक्षा जवळ आल्या आहेत. १९ मार्चला संत जोसेफचा सण आहे. म्हणून आज या ‘जर’विषयी आणि आपल्या घरातल्या बापांविषयी थोडे चिंतन करू या.

पित्याने हेच शब्द एकदा आधीही उच्चारले होते. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून पाहा. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि स्वर्गातून पिता सांगतो, की हा माझा आवडता, याच्यावर मी प्रसन्न आहे. तोपर्यंत येशूने काय केले होते? एकही प्रवचन दिले नव्हते. एकही रोगी बरा केला नव्हता. एकही शिष्य गोळा केला नव्हता. नाझरेथ गावातली साधी, कष्टाची वर्षे एवढेच त्याच्या खात्यावर होते. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रगतिपुस्तक अजून कोरे होते, आणि पिता प्रसन्न होता. पित्याचा शब्द आधी आला, काम नंतर आले.

त्यानंतर लगेच, चौथ्या अध्यायात, सैतान येतो आणि नेमका त्याच शब्दावर घाव घालतो. तू पुत्र असशील तर दाखव, सिद्ध कर. मंदिराच्या शिखरावर पुन्हा तेच. आणि शेवटी क्रुसाखालून जाणारे-येणारे लोकही तेच म्हणतात, की देवाचा पुत्र असशील तर खाली उतर. येशूला काहीच सिद्ध करायचे नव्हते, कारण पित्याने त्याला आपले म्हटले होते. अरण्यातली चाळीस दिवसांची भूक तो या शब्दाच्या बळावर सोसू शकला.

आता आपल्या घरांत येऊ या.

मला सगळे ‘फादर’ म्हणतात, पण खरी बापाची ड्युटी तुम्ही करता, हे मला ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येक जण पहाटेच वसईहून लोकल पकडतात. चर्चगेटपर्यंत सुमारे ५२ किलोमीटर, तेही बहुधा उभ्याने. कोणी वाडीत राबतो, कोणी टेम्पो चालवतो, कोणी दुकान सांभाळतो. सकाळी निघताना दुसरी-तिसरीतले पोर झोपलेले असते. रात्री परत येता तेव्हा त्याचे डोळे मिटायला आलेले असतात. मध्ये मिळतो तो अर्धा तास. त्या अर्ध्या तासात हरवलेला रबर, तुटलेली पेन्सिल, सुटलेली बुटाची नाडी, सातचा पाढा, उद्याच्या चित्रकलेचा कागद आणि “पप्पा, देव रात्री झोपतो का?” हा प्रश्न, एवढे सगळे मावावे लागते.

परवा धर्मशिक्षणाच्या वर्गात मी तिसरी-चौथीच्या मुलांना विचारले, “पप्पा घरी आले की पहिले काय विचारतात?” बरेच हात वर झाले. “अभ्यास झाला का?” “टेस्टचे मार्क कळले का?” एक मुलगी म्हणाली, “पप्पा विचारतात, माझा चार्जर कुठाय?” सगळे हसले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “माझे पप्पा विचारतात, आज तुझ्या डब्यातलं कोणी कोणी खाल्लं?” हे सांगताना त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

बापांनो, तुम्ही मार्क का विचारता ते मला समजते. शाळेची फी, ट्यूशन, शिष्यवृत्तीचा वर्ग, यासाठी तुम्ही ओव्हरटाइम करता. आपण जे सोसले ते पोराने सोसू नये असे तुम्हाला वाटते. त्या विचारण्यात प्रेमच असते. पण आठ वर्षांच्या मुलाला प्रश्नामागचे प्रेम दिसत नाही. त्याला प्रश्नांचा क्रम दिसतो. रोज जे पहिले विचारले जाते तेच पप्पांना सगळ्यांत प्रिय, असा हिशेब ते मनाशी करते. आपल्या नकळत घरात ‘जर’ शिरतो. मार्क मिळाले तर पप्पा खूश, नाहीतर नाही.

आपल्याच धर्मग्रामातल्या एका वडिलांनी मला सांगितलेली गोष्ट त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. मुलगा तिसरीत. गणिताच्या चाचणीत २० पैकी ७ गुण. पेपरावर सही आणायची होती. पोराने तो पेपर चार घड्या घालून कंपासपेटीत लपवला. तीन दिवसांनी आईला सापडला. ते वडील म्हणाले, “फादर, मार्कांचं एवढं काही वाटलं नाही. पण तीन दिवस तो माझ्या शेजारी बसून जेवत होता आणि पोटात भीती घेऊन बसला होता. मला पत्ताच नाही!”

त्या रात्री त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि मुलाला जवळ घेऊन एवढेच विचारले, “तीन दिवस एकट्यानं सांभाळलंस. खूप भीती वाटली का रे?” पोरगा रडायला लागला. रडून झाल्यावर त्याने विचारले, “पप्पा, किती मार्क मिळाले तर चालतील?”

बापाने उत्तर दिले, “मार्कांचं आपण बघू. तू तर चालतोसच. आता दाखव, कुठं अडलं?”

अडले होते हातच्याच्या वजाबाकीत. मग रोज जेवणानंतर दोघे चिंचोके घेऊन बसू लागले. दहा चिंचोक्यांचा एक गठ्ठा, गठ्ठा फोडायचा आणि मग वजा करायचे. पुढच्या चाचणीत २० पैकी ११ मिळाले. फार मोठा पराक्रम नाही. पण तो पेपर मुलाने धावत येऊन, दारातच बापाच्या हातात दिला. मला विचाराल तर खरी प्रगती ती होती.

पवित्र शास्त्रात लपण्याची पहिली गोष्ट उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आदाम आणि एवा चुकले आणि झाडांआड लपले. देवाला सर्व ठाऊक होते. तरी त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला? काय केलेस, हा प्रश्न नंतर आला. पहिला प्रश्न होता, तू कुठे आहेस? देव आधी माणसाला शोधतो, मग त्याच्या चुकीकडे वळतो. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतिशिया’ हे कुटुंबविषयक पत्र लिहिले. त्यातल्या मुलांच्या संगोपनाच्या प्रकरणात ते आईबापांना हेच विचारतात. मूल या क्षणी कोणत्या जागी आहे यापेक्षा ते मनाने, जिवाने कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?

कोणी म्हणेल, “फादर, मग अभ्यास घ्यायचाच नाही का? शिस्त लावायचीच नाही का?” तसे मुळीच नाही. संत जोसेफकडे पाहा. शुभवर्तमानात त्याचा एकही शब्द नोंदलेला नाही. पण गावकरी येशूला सुताराचा मुलगा म्हणतात, आणि संत मार्कच्या शुभवर्तमानात तर खुद्द येशूलाच सुतार म्हणतात. म्हणजे बापाने मुलाला हाताला धरून काम शिकवले असले पाहिजे. जो सुतारकी शिकवतो त्याला वाकडी फळी वाकडी आहे असे सांगावेच लागते. फळी वाकडी आहे हे सांगणे वेगळे आणि तू वाकडा आहेस हे सांगणे वेगळे. संत पौल कलस्सैकरांना लिहिताना बापांना वेगळे बजावतो, की मुलांना इतके चिडवू नका की त्यांचे मन खचेल. ज्या मुलाला बापाच्या प्रेमाची खात्री आहे त्याला बापाचे रागावणे पचते. ज्याला खात्री नाही ते मूल रागावणे टाळण्यासाठी पेपर लपवते.

आणि जे मूल चांगले मार्क आणते, त्याचे काय? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. इतकी वर्षे राबलो, कधी आज्ञा मोडली नाही, असा हिशेब तो बापापुढे मांडतो. तो बापाच्याच घरात राहिला, पण मुलासारखा नव्हे, गड्यासारखा. पहिल्या नंबरात येणारे आपले मूलही असे गडी होऊ शकते. त्यालाही सांगावे लागते, की बाळा, तू नेहमी माझाच आहेस.

फ्रान्समधल्या लुई मार्टिन या घड्याळजीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १८७७ साली त्यांची पत्नी झेली वारली. पदरात पाच मुली, धाकटी तेरेजा अवघी साडेचार वर्षांची. तिला ते ‘छोटी राणी’ म्हणत. दुपारी तिला फिरायला नेत आणि वाटेत एखाद्या चर्चमध्ये शिरून पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकत. संत कसे प्रार्थना करतात हे पप्पांकडे बघून मला कळत असे, अशा अर्थाचे तेरेजाने पुढे लिहून ठेवले. ती मुलगी म्हणजे लिजूची संत तेरेजा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली ह्या पती-पत्नीला एकत्र संतपद देण्यात आले. त्या बापाने केले काय? रोज थोडे चालले, थोडे बोलले, सोबत गुडघे टेकले.

हे सारे मी आज का सांगतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. यामागची कारणे अनेक असतात, आणि कोणत्याही दुःखी आईबापाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्यासाठी आपण प्रार्थनाच करू. पण संकटात सापडलेल्या मुलाला, काहीही झाले तरी घरी जाऊन सांगता येईल, असे वाटले पाहिजे. हा विश्वास दहावी-बारावीत अचानक येत नाही. तो पहिली-दुसरीत, चिंचोके मांडून बसताना तयार होतो. आणि जे मूल बापापासून लपते, ते पुढे पापनिवेदनाच्या वेळी देवापासूनही लपायला शिकते.

काही घरांत बाप जहाजावर किंवा आखातात असतो. काही घरांत तो देवाघरी गेला आहे. तिथे आई, आजोबा, मामा ही जागा भरतात. त्यांनी मनात कमीपणा आणू नये. संत जोसेफही सांभाळ करणाराच पिता होता. इंग्रजी माध्यमाचा अभ्यास आपल्याला जमत नाही म्हणून काही बाप संकोचतात. त्यांनीही डब्यातले कोणी खाल्ले हे विचारावे. त्याला इंग्रजी लागत नाही.

या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली : घरी आल्यावर पहिला प्रश्न मुलाविषयी असू द्या, अभ्यासाविषयी दुसरा.

दुसरी : स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरूंच्या पाठोपाठ तुम्हीही बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली होती. ती रोज सकाळी कामावर निघताना पुन्हा करा. मूल झोपेत असले तरी करा. दूर असाल तर फोनवर आशीर्वाद द्या.

तिसरी : निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक उघडण्याआधी मुलाला जवळ घ्या आणि तू माझा लाडका आहेस, तू माझी लाडकी आहेस, हे तोंडाने सांगा. मनात आहे म्हणून भागत नाही. स्वर्गातल्या पित्यानेही ते मोठ्याने सांगितले. मग प्रगतिपुस्तक उघडा, आणि जिथे अडले असेल तिथे सोबत बसा.

आपण प्रार्थना करू या : हे स्वर्गीय पित्या, आम्ही काही करून दाखवण्याआधीच तू आम्हाला आपले म्हटलेस. आमच्या धर्मग्रामातल्या सर्व बापांना तुझ्यासारखे मन दे. परीक्षेला बसणाऱ्या आमच्या लेकरांची भीती दूर कर, आणि त्यांची पावले नेहमी घराकडे वळू दे. संत जोसेफ, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.