गेले, मेले आणि धरले गेलेले

पुणे, सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही. वरून भिंतीबरोबर पाटीलाही रंग लागलेला असतो, त्यामुळे अक्षरं बोटाने चाचपून वाचावी लागतात. अशा पाटीसमोर उभं राहिलं की जो आकडा कोरलेलाच नाही तो मला छळतो. धरले गेले किती?

हा प्रश्न पुणे जिल्ह्याने तरी विचारायलाच हवा. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेवर शरणागतीची सर्वांत मोठी वेळ ज्या तुकडीवर आली, तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. जनरल टाउनशेंड तिला घेऊन बगदादच्या वाटेवर तेसिफोनपर्यंत गेला, मार खाऊन मागे फिरला आणि डिसेंबर १९१५मध्ये तैग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात अडकला. १४७ दिवस तुर्कांचा वेढा पडला होता. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

पलटणीत गेलेली ही बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. थोरला भाऊ शेत बघतो, धाकटा पलटणीत जातो आणि त्याच्या पगारावर सावकाराचं व्याज फिटतं, हा देशावरच्या आणि कोकणातल्या घरांचा हिशेब होता. कूतमध्ये धान्य संपत आलं तेव्हा ही शेतकऱ्याची नजरच कामी आली. शिपाई नदीकाठचं तण खुडून त्याची भाजी शिजवू लागले. पण त्यात विषारी पालाही निघाला आणि काही जण दगावले. जव होते, पण ते दळायचे कशावर? शेवटी जात्याचे दगड विमानातून खाली टाकावे लागले. ज्या घरांत पहाटे जात्यावर ओव्या ऐकत ही पोरं वाढली, त्यांनी परमुलखात आभाळातून जातं उतरताना पाहिलं. अखेरीला हिंदी शिपायाच्या वाट्याला दिवसाला दीडशे ग्रॅमसुद्धा पीठ येईना.

पुढचे हाल याहून वाईट. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुण्यासारखं ठेवलं. शिपाई मात्र उन्हात चालत बगदाद, मोसुल करत रास अल-ऐनला गेले आणि तिथे त्यांना बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं. हजारो मेले. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या कोरली आहे. मेल्यावरही त्यांच्या वाट्याला आकडाच आला, गावच्या पाटीसारखाच.

जे परतले ते १९१८-१९मध्ये. घरी पोचले तेव्हा पाऊस गेलेला होता, दुष्काळ होता आणि मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत घरंच्या घरं बसली होती. तशा दारात अडीच वर्षांच्या कैदेची गोष्ट कोण ऐकणार? माणसाने मुकाट्याने औताला हात घातला असणार.

धरलं जाणं लाजेचं वाटलं म्हणून हे लोक गप्प बसले, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. चाकणच्या मातीने याचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. १६६०मध्ये शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग छप्पन्न दिवस लढवला. सुरुंगाने बुरूज उडाला, किल्ला द्यावा लागला. खानाने चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. शिवाजी महाराजांनी त्यांना दूषण दिलं नाही, भूपाळगड सोपवला. किल्ला गेला म्हणून माणूस खाली पडत नाही, हे ज्या मुलखाला ठाऊक होतं, तिथे कूतहून परतलेल्याने मान खाली का घालावी? तो गप्प राहिला, कारण त्याला कोणी विचारलंच नाही. लढाई सरकारची होती, पण इंग्रजाला त्याच्या कैदेचं कौतुक नव्हतं. आणि इंग्रजासाठी लढलेला म्हणून पुढे आपल्यालाही त्याची गरज वाटली नाही. दुसरं कारण मला जास्त बोचतं.

लिहिता येणाऱ्याची गोष्ट राहते. कूतच्याच कैदेत पडलेल्या शिशिर सर्वाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाने टिपणं जपली आणि १९५७मध्ये त्यांचं पुस्तक आलं. १९७१च्या युद्धात पकडले गेलेले हवाई दलाचे वैमानिक दिलीप पारुळकर १९७२च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या कैदेतून दोन साथीदारांसह निसटले. त्यावर पुस्तक आलं, चित्रपट आला, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत तर मक्याच्या शेतावर परतलेल्या साध्या युद्धकैद्याचीही कहाणी त्याच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवतात; ते काम २०००पासून कायद्यानेच सुरू आहे. कूतच्या मराठा शिपायाची अशी एखादी वही माझ्या वाचनात आजवर आलेली नाही.

आणि आता वेळ खरोखर थोडा आहे. चाकण एमआयडीसी महाळुंगे, निघोजे, वासुली, भांबोलीपर्यंत पसरली. जुनी माळवदं आणि कौलारू घरं पाडून भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. घर पाडताना माळ्यावरची पत्र्याची पेटी निघते आणि बहुधा भंगारवाल्याकडे जाते. त्या पेटीत पणजोबाचा बिल्ला असू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. भिंग घ्या, कडेवरून फिरवा. ११७, ११० किंवा १०३ मराठा असं दिसलं, तर तो माणूस कूतला असण्याचा संभव आहे. ते नाव उतरवून घ्या, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला त्याच्याविषयी विचारा, आणि गावच्या पाटीवरचा रंग खरवडून तिच्या शेजारी ते लावा.