दुसरा बाण कोण काढणार?



आजचं वाचन संयुत्त निकायातलं सल्लसुत्त. सल्ल म्हणजे बाण, आपल्या मराठीतलं शल्य.

परवा विहारात वंदना झाल्यावर एका ताईने विचारलं, "आई जाऊन दोन वर्षं झाली. छातीवर अजून दगड ठेवल्यासारखं वाटतं. एनर्जी हीलिंगवाले म्हणतात, दुःख शरीरात साठलंय, तीन सेशनमध्ये काढून देतो. जाऊ का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दुःख साठतं, हे भगवंतांनीही सांगितलं आहे. सुत्तात त्यासाठी शब्द आहे, पटिघानुसय. पटिघ म्हणजे नकोसेपणा, चीड. अनुसय म्हणजे आत झोपून राहिलेलं. वरून सगळं शांत दिसतं, पण एखादं गाणं, एखादा वास, आईची जुनी साडी पुरे होते. झोपलेलं जागं होतं.

मग ते साठतं कसं? भगवान बाणाची उपमा देतात. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. लगेच दुसरा लागतो, तो मनाचा आकांत. धम्म जाणणाऱ्यालाही पहिला बाण लागतोच, पण तो दुसरा लागू देत नाही. आई गेली, हा पहिला बाण. "मी लवकर दवाखान्यात नेलं असतं तर..." हे रोज रात्री स्वतःला सांगणं, हा दुसरा. आणि तो आपणच मारतो, पुन्हा पुन्हा.

सुत्त पुढे आणखी एक नेमकी गोष्ट सांगतं. दुःखातून सुटायचा दुसरा रस्ता माहीत नसला की माणूस सुखाच्या मागे धावतो. रात्री दोनपर्यंत रील्स, नको असलेली शॉपिंग. ओळखीचं वाटतं ना?

आता बघा, दुसरा बाण जर आपल्याच हातातून सुटतो, तर दुसऱ्या कुणाचा हात तो थांबवेल कसा? सेशनमध्ये तासभर बरं वाटेलही. कुणीतरी शांतपणे आपल्याजवळ बसलं, याचंच ते बरं वाटणं असतं. पण घरी आल्यावर धनुष्य आपल्याच हातात असतं.

सत्यनारायण गोएंका गुरुजींची गोष्ट इथे आठवते. त्यांना भयंकर मायग्रेन होता, मॉर्फिन घ्यावं लागायचं. देशोदेशीचे डॉक्टर झाले. शेवटी ते ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा सयाजींनी आधी नकारच दिला. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, धम्माचं मोल कमी करू नका, असं त्यांचं म्हणणं. १९५५ मध्ये गोएंका मन शुद्ध करायला म्हणून बसले. डोकेदुखीही गेली, पण ती मागे मागे गेली. १९६९ मध्ये ते हीच विद्या घेऊन भारतात आले.

आपल्या नागपूरजवळ माहूरझरीला 'धम्म नाग' केंद्र आहे. दहा दिवस मौन, फी नाही, दानावर चालतं. तिथे कुणी तुमचं दुःख ओढून काढत नाही. अंगावर जे उमटतं ते बघायचं, ढकलायचं नाही, धरायचं नाही, एवढंच शिकवतात.

मात्र झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. सरकारचा टेली मानस क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मदत मागणं म्हणजे धम्मात कमी पडणं नव्हे.

आजचा अभ्यास: रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं बसा. छातीतला दगड येईल, येऊ द्या. रडू आलं तर रडा. फक्त "मी असं केलं असतं तर" हे वाक्य सुरू झालं की ओळखा, हा दुसरा बाण. आणि परत श्वासाकडे या. शंभरदा सुटलं तर शंभरदा या.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम.