बेवारशी म्हणजे कोणाचे?



आपल्या मराठीत ‘बेवारशी’ असा एक शब्द आहे. फलाटावर पडून राहिलेली पेटी बेवारशी, शवागारातला अनोळखी देह बेवारशी, आणि मासळी बाजाराच्या मागे, इस्पितळाच्या आवारात किंवा चर्चच्या जिन्याखाली वाढणारी मांजरेही बेवारशीच. वारस नाही, धनी नाही, म्हणून विचारणारा कोणी नाही, असा त्या शब्दाचा आशय. तो एकदा उच्चारला की आपले दायित्व संपल्यासारखे वाटते. या लेखात आपल्यापुढे एवढाच प्रश्न मांडावयाचा आहे : ज्या जिवाला धनी नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असलो, तर ते देणे कशाने फिटते?

प्रश्न मांजराचा आहे, म्हणून शास्त्राच्या शब्दसूचीत ‘मांजर’ शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. इब्री शास्त्रात त्याचा उल्लेख नाही, नव्या करारातही नाही. कॅथॉलिक बायबलमध्ये बारूखच्या पुस्तकाला जोडलेल्या ‘यिर्मयाचे पत्र’ या भागात तेवढे ते एकदा दिसते, आणि तेही बाबेलच्या देवळांच्या वर्णनात वटवाघळे व पाखरे यांच्या जोडीला. तेव्हा मांजराविषयी थेट आज्ञा मिळणार नाही. मात्र वाट चुकलेल्या जनावराविषयी मिळते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी एक साधा नियम आहे. भाऊबंदाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेले दिसले, तर ते त्याच्याकडे पोहोचवावे. धनी जवळपास राहत नसेल, किंवा तो कोण हेच ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या घरी आणावे आणि धनी शोधीत येईपर्यंत सांभाळावे. नियमाच्या शेवटी जे क्रियापद येते ते भाषांतरकाराला थांबवून ठेवते. ‘हितअल्लेम’ म्हणजे स्वतःला लपविणे. जनावर समोर दिसले असता दिसलेच नाही असे करणे, पाठ फिरवून निघून जाणे, ही गोष्ट तेथे निषिद्ध आहे. नियम मालमत्तेचा आहे हे खरे. भावाचे नुकसान होऊ नये हा त्याचा उघड हेतू आहे. परंतु धनी ठाऊक नसेल तर कर्तव्य संपते असे तो म्हणत नाही. उलट, तेथूनच पाहणाऱ्याचे कर्तव्य वाढते : त्या जनावराला स्वतःच्या दावणीला जागा द्यावी लागते.

आता, गल्लीतल्या मांजराला शोधीत कोण येणार? येथे पन्नासावे स्तोत्र आठवावे. रानातला प्रत्येक पशू आपलाच आहे, असे देव तेथे स्वतः सांगतो, आणि डोंगरावरचे प्रत्येक पाखरू आपल्या ओळखीचे आहे असेही म्हणतो. ज्याचा धनी आपणास ठाऊक नाही, त्याचा धनी देवाला ठाऊक आहे. तो स्वतःच आहे. या अर्थाने देवाच्या सृष्टीत बेवारशी असे काहीही नाही. मांजर सांभाळणारा आणि मांजर हाकलणारा, दोघेही दुसऱ्याच्या मालमत्तेशी व्यवहार करीत असतात, आणि या व्यवहाराचा हिशेब विचारला जाणार आहे.

हे मान्य केले म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो. देणे फिटते कशाने? दयेने, असे आपण चटकन म्हणू. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन मात्र याहून अधिक मागते. नीतिमान मनुष्याचे आपल्या पशूशी असलेले नाते सांगताना तेथे ‘योदेआ’ हा शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ ‘जाणतो’ असा आहे, आणि स्तोत्रात देव पाखरांना ओळखतो तेथेही हाच धातू आहे. जाणण्याचा विषय आहे त्या पशूचा ‘नेफेश’, म्हणजे त्याचा जीव, त्याची भूक, त्याची गरज. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत मनुष्यासाठी आणि पशूंसाठीही हाच शब्द योजलेला आहे. त्याच वचनाच्या उत्तरार्धात असे सुचविले आहे की दुर्जनांची करुणासुद्धा क्रूर असते. करुणा क्रूर कशी असू शकेल? जाणून न घेता केली, तर निश्चित होऊ शकते.

याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे 9 आठवड्यांत ती विते, आणि पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन-तीन वेळा, दर खेपेस तीन ते पाच पिले, हा सर्वसाधारण क्रम होय. अशा मांजरीला कोणी रोज माशाचे तुकडे आणि दूध घालीत राहिले व त्यापलीकडे काही केले नाही, तर वर्षअखेर काय दिसते? पिलांचे डोळे चिकटलेले, काही चाकांखाली गेलेली, काही कुत्र्यांनी फाडलेली, आणि उरलेली पोत्यात भरून कोणीतरी दूरच्या बाजारात सोडलेली. खाऊ घालणाऱ्याच्या मनात दया होती याविषयी शंका नाही. त्या दयेला जाणतेपण नव्हते, एवढेच.

मांजर जाणणे म्हणजे तिची नसबंदी करविणे. पशुवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळी कानाचे टोक किंचित कापून खूण ठेवतात, म्हणजे तीच मांजरी दुसऱ्यांदा पकडली जात नाही. तिला रेबीजची लस देणे, बरी झाल्यावर तिच्या ओळखीच्या ठिकाणी परत सोडणे, ठरल्या वेळी ठरल्या जागी खाऊ घालून उष्टे उचलणे, शेजाऱ्याच्या दारात घाण होऊ न देणे, हे सर्व त्यातच आले. मुलांना मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, हे शेजाऱ्यांना सांगणेही त्यातच आले. शेजाऱ्यावरील प्रीती मांजराच्या निमित्ताने रद्द होत नाही. आणि पिले दूर नेऊन टाकण्याविषयी बोलायचे, तर उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने तर जीवमात्राविषयी कनवाळूपणा हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले.

येथे कोणी विचारील : फलद्रूप होण्याचा आशीर्वाद देवाने प्राण्यांनाही दिला आहे, मग नसबंदी ही त्याच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नव्हे काय? प्रश्न गंभीर आहे. जलप्रलयानंतर तारवातून बाहेर पडणाऱ्या सर्व प्राण्यांसाठी तो आशीर्वाद आहे, हे नाकारता येत नाही. परंतु मांजर रानातून गावात आले ते आपल्या धान्याच्या कोठारांमागे, तेथल्या उंदरांसाठी. त्याची आजची बेसुमार संख्या आपल्या वस्तीने, आपल्या कचऱ्याने आणि आपल्या टाकून देण्याने वाढलेली आहे. जे आपल्या हातून बिघडले ते आपल्या हातून सावरणे हा कारभाऱ्याचा धर्म आहे. इब्री भाषेत करुणेचा शब्द ‘रहमीम’ हा ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, याचा सगोत्र आहे. उपाशी पोटी वर्षातून तीनदा विणाऱ्या मांजरीविषयी करुणा वाटत असेल, तर तिचे गर्भाशय त्या कष्टातून सोडविणे हे करुणेला धरूनच आहे.

वाचकहो, एवढे सारे एकट्याने होत नाही. बहुतेक ठिकाणी हे काम एखादी विधवा भगिनी किंवा एखादे निवृत्त गृहस्थ आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून करीत असतात, आणि शेजाऱ्यांची बोलणी खातात. म्हणून निवाऱ्याची कल्पना पुढे येते. ती उत्तम आहे. पण तिचा इतिहास ओळखून पुढे जावे.

1824 साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी पहिली मोठी संस्था स्थापन झाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंजलेले विल्यम विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांत होते. तिचे पहिले चिटणीस रेव्हरंड आर्थर ब्रूम यांनी या कामासाठी आपली चर्चमधील नेमणूक सोडली. संस्थेवर कर्ज झाले, आणि 1826 साली त्या कर्जापायी या पाळकाला तुरुंगात जावे लागले. त्यांच्यानंतर लुईस गोम्पर्ट्झ या यहुदी गृहस्थांनी संस्था सावरली. तथापि 1832 मध्ये, संस्था केवळ ख्रिस्ती तत्त्वांवर चालावी असे ठरल्यावर त्यांना बाहेर पडावे लागले. या इतिहासात आपणासाठी दोन इशारे आहेत. हिशेबाविना दया बुडते, हा पहिला. आणि दया ही आपलीच मिरास आहे असे मानणाऱ्यांच्या हातून अन्याय होतो, हा दुसरा. मुंबईत 1832 साली मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध पारशी बांधव रस्त्यावर उतरले, आणि 1834 साली जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा, म्हणजे एक पारशी व एक जैन, यांनी पांजरपोळ उभी केली. या कामात आपण इतरांच्या मागून आलो आहोत. म्हणून ते शेजारच्या सर्व धर्मांच्या लोकांसह करावे, यात कमीपणा नाही.

निवारा म्हणजे गल्लीतली सर्व मांजरे कोंडण्याची जागा नव्हे. दाटीत मांजरांना भीतीने आजार जडतात. लस न दिलेल्या पिलांत पॅनल्युकोपेनिया शिरला की काही दिवसांत पिंजरेच्या पिंजरे रिकामे होतात, आणि तो विषाणू जागेत महिनोन्महिने टिकतो. ज्यांना परत सोडता येत नाही अशांसाठीच निवारा असावा : जखमी, आंधळी, आईवेगळी पिले, शस्त्रक्रियेनंतर विसावा हवा असलेली. नव्याने आलेल्यासाठी वेगळी खोली, ठरलेला पशुवैद्य, जमाखर्चाची उघडी वही, आणि ‘आता जागा नाही’ असे सांगण्याचे धैर्य, एवढे नसेल तर निवारा सुरू करू नये. दहांना नीट सांभाळणारी खोली ही शंभरांना मरू देणाऱ्या इमारतीहून अधिक दयाळू होय.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. माणसे उपाशी असताना मंडळीचा पैसा मांजरांवर का? कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांना विनाकारण वेदना देणे अयोग्य म्हटले आहे. मनुष्यांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही तेथे अयोग्यच ठरविले आहे. हा तोल योग्य आहे. प्रभू येशूनेही चिमण्यांविषयी बोलताना मनुष्याचे मोल अधिक सांगितले. पण चिमणी देवाच्या विस्मरणात गेली आहे असे तो म्हणाला नाही. म्हणून विधवांच्या साहाय्यनिधीतून किंवा गरीब मुलांच्या फीमधून एक रुपयाही या कामाकडे वळवू नये. त्यासाठी स्वतंत्र, स्वेच्छेचे दान असावे, आणि तेवढ्याच मापाचे काम असावे.

मात्र ज्या ‘हितअल्लेम’ शब्दाने भरकटलेल्या बैलाकडे पाठ फिरविण्यास मनाई केली, त्याच धातूचा शब्द यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात येतो. तेथे तो उपाशी, उघड्या माणसांच्या संदर्भात आपल्याच रक्तामांसाला तोंड चुकविण्याविषयी आहे. शास्त्राने दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरावा याला अर्थ आहे. दाराशी विव्हळणारे जनावर न दिसल्यासारखे करण्याची ज्याला सवय जडली, त्याला पुढे दारातला भिकारी न दिसणेही अवघड जात नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘केवढे हे क्रौर्य!’ लिहिले ते घायाळ पक्षिणीवर. म्हणून माणसांविषयीची त्यांची तळमळ उणावली नाही.

येत्या महिन्यात आपल्या पंचमंडळात, पॅरिशच्या सभेत, महिला मंडळात किंवा तरुण संघात हा विषय काढावा, अशी माझी विनंती आहे. आरंभी आपल्या आवारातल्या मांजरी मोजाव्यात. त्यांना आज कोण खाऊ घालते ते विचारावे, आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. जवळच्या पशुवैद्याकडे नसबंदीचा खर्च विचारून, या वर्षी किती मांजरींचे होईल तेवढाच आकडा वहीत लिहावा. निवाऱ्याची गोष्ट त्यानंतरची. आकडा लहान असला तरी चालेल. पण मोजून, नाव लिहून, जबाबदारी घेतल्यावर ती मांजरे बेवारशी राहत नाहीत. त्यांचा खरा धनी येईपर्यंत ती आपल्या दावणीला असतात.