मधला माणूस कोणाचा?

ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे, आणि जो आपल्या भरवशावर आहे त्याला अंतर देऊ नये, ही दोन वचने आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोन्ही खरी आहेत. परंतु ज्याच्या वर धनी आहे आणि खाली भरवशाची माणसे आहेत, त्याच्यापुढे कधी कधी हीच दोन वचने एकमेकांच्या आड येऊन उभी राहतात. धन्याचे ऐकावे तर माणसे दुखावतात, माणसांचे ऐकावे तर धनी रागावतो. अशा वेळी त्या मधल्या माणसाने काय करावे? तो कोणाचा? वरच्याचा, खालच्याचा, की दोघांचाही नव्हे?

कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात ही कसली कचेरीची चर्चा? तर वाचकहो, ही चर्चा आता आपल्या घरातली झाली आहे. अकलूज, वेळापूर, नातेपुते, माळीनगर या आपल्या पंचक्रोशीतून किती मुले-मुली शिकून पुण्याला हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत गेल्या, हे प्रत्येकाने आपल्या भावकीत मोजून पाहावे. आठ-दहा वर्षे तिथे मान मोडून काम केले, की एक दिवस साहेब बोलावून सांगतात, "उद्यापासून ही दहा माणसे तुमच्या हाताखाली." गावी फोन येतो, पेढे वाटले जातात, आणि आई शेजारणीला सांगते, "पोरगं मॅनेजर झालं!" पण त्या पोराच्या जिवाला त्या दिवसापासून कोणता घोर लागतो, तो फोनवर सांगितला जात नाही.

पहिली गोष्ट अशी की, त्याला वर चढवले ते त्याच्या हातच्या कसबासाठी, आणि काम दिले ते माणसे सांभाळण्याचे. या दोन विद्या वेगळ्या. उत्तम टाळकरी आपोआप उत्तम वीणेकरी होत नाही. टाळकऱ्याने आपला ठेका नीट धरला म्हणजे झाले. वीणेकऱ्याला सगळ्यांचा ठेका कानात ठेवावा लागतो. कोणाचा आवाज बसला, कोण दमला, कोणता म्हातारा मागे पडला, हे बघत बघत चाल उचलावी लागते. लॉरेन्स पीटर व रेमंड हल या दोघांनी १९६९ साली एक पुस्तक लिहून हेच दाखवले, की चांगले काम करणाऱ्याला वर चढवत नेतात, आणि शेवटी जे काम त्याला जमत नाही तिथे आणून बसवतात. तिथेच तो राहतो. पुस्तक विनोदी आहे, पण ते वाचून हसणाऱ्याला आपल्या ओळखीची चार माणसे तरी आठवतातच.

मग मधला माणूस काढूनच टाकला तर? हाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या गूगल कंपनीने २००२ साली आपल्या इंजिनियरांवरचे मॅनेजर काढून टाकले. थोड्याच महिन्यांत लहानसहान खर्चाची बिले आणि आपापसातली भांडणे घेऊन माणसे थेट मालकाच्या दाराशी येऊ लागली, आणि प्रयोग आवरावा लागला. पुढे २००९ च्या सुमारास त्याच कंपनीने चांगला मॅनेजर कशाने चांगला ठरतो, याचा कसून शोध घेतला. आठ गुण हाती आले. पहिला गुण निघाला, माणसाला शिकवून तयार करणे. दुसरा, काम सोपवल्यावर सारखे मध्ये हात न घालणे. आणि ज्या यंत्रविद्येच्या जोरावर मनुष्य वर चढवला जातो, तिचा नंबर लागला आठवा!

तात्पर्य, मधल्या माणसावाचून चालत नाही आणि नुसत्या हुशारीवर तो घडतही नाही. मग त्याचा खरा धर्म कोणता?

आपल्याकडचाच दृष्टांत घेऊ. भाटघरचे पाणी नीरा उजव्या कालव्याने आपल्या तालुक्यात येते. याच पाण्याच्या आधाराने सासवडच्या माळी बागाईतदारांनी १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. या पाण्याच्या आणि पिकाच्या मध्ये उभा असतो पाटकरी. पाणी त्याचे नाही, पीकही त्याचे नाही. तरी त्याच्या हातात दार आहे. तो चांगला की वाईट, हे कालव्याच्या तोंडाशी समजत नाही. तिथे पाणी मिळतेच. चारीच्या शेवटच्या टोकाला ज्याचे रान आहे, त्याच्या बांधावर जाऊन बघावे. तिथे पाळीचे पाणी पोचले तर पाटकरी खरा. मॅनेजरच्या हातातून शाबासकी जाते, शिकण्याची संधी जाते, रजा जाते, पगारवाढ जाते. यातले काहीच त्याच्या घरचे नव्हे. त्याच्या दहा जणांत जो लाजाळू आहे, जो इंग्रजी बोलताना अडखळतो, ज्याला पुढे पुढे करता येत नाही, त्याच्यापर्यंत यातले किती पोचते, यावरून त्याची परीक्षा करावी.

इथवर सोपे आहे. कठीण पुढेच आहे.

बऱ्याच कंपन्यांत वर्षाच्या शेवटी माणसांची प्रतवारी लावण्याची रीत पडली. इतके पहिल्या प्रतीचे, इतके मधले, आणि इतके शेवटच्या प्रतीचे निघालेच पाहिजेत, असा वरून हुकूम. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जॅक वेल्च यांनी या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला; मायक्रोसॉफ्टने ती २०१३ साली सोडून दिली; कुठे कुठे ती नाव बदलून चालूच आहे. आता समजा, दहाच्या दहा माणसांनी वर्षभर मनापासून काम केले. तरी एकाला शेवटच्या रांगेत बसवायचे आहे. त्याची वाढ जाईल, कदाचित नोकरीही जाईल. कोणाला बसवायचे? आणि त्याच्या तोंडावर सांगायचे काय?

इथे मधल्या माणसाला दोन पळवाटा सापडतात. एक खाली उतरते. माणसाला बाजूला घेऊन तो म्हणतो, "अरे, माझ्या हातात काय आहे? वरून आलंय." दुसरी वर चढते. साहेबांपुढे तो म्हणतो, "काय करू साहेब, माणसंच कामाची नाहीत." पहिलीत तो भला ठरतो, दुसरीत तो निर्दोष ठरतो. दोन्ही वेळा भुर्दंड पडतो तो खालच्यावर.

ऊसतोडीचा मुकादम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो उचल घेतो आणि टोळीत वाटतो. टोळीत कोणी बाई आजारी पडली, तर एक मुकादम खाडा मांडून मोकळा होतो, वर सांगतो, "कारखान्याचा नियम आहे." दुसरा शेतकी खात्याकडे जाऊन भांडतो, की आज एक कोयता कमी आहे, गाडी उशिरा भरेल, बोल मला लावा. नियम दोघांनाही तोच, कारखानाही तोच. फरक एवढाच की दुसऱ्याने बोल आपल्या अंगावर घेतला. हा बोल अंगावर घेण्याचा गुण नसेल, तर बाकीचे सगळे गुण असून नसून सारखे.

मग मॅनेजरने हुकूम मोडावा काय? सरसकट नव्हे. हुकूम तीन जातीचे असतात, ते ओळखता आले पाहिजेत. एक हुकूम नुसता कडू असतो, पण रास्त असतो. एकाने खरोखरच काम टाळले आहे, त्याला ते स्पष्ट सांगायचे आहे. इथे गोड बोलून वेळ मारून नेणे ही दया नव्हे, भित्रेपणा आहे. दुसरा हुकूम चुकीचा वाटतो, पण त्यात लबाडी नसते. इथे निर्णय होण्याच्या आधी वर जाऊन, पुराव्यासकट, न लाजता भांडावे. आणि तरी निर्णय झालाच तर तो खाली आपल्या तोंडाने सांगावा, "मी भांडलो होतो" असे सांगून टाळ्या घेऊ नयेत. तिसरा हुकूम खोटे बोलायला लावतो. ज्याने काम केले त्याच्या नावावर "काम केले नाही" असे लिही, म्हणजे त्याला काढणे सोपे जाईल. इथे थांबावे. पगार कामाचा मिळतो. दुसऱ्याच्या नावावर खोटे लिहिण्याची उचल कोणी घेतलेली नसते.

यावर आपला मुलगाच म्हणेल, "बाबा, तुम्हाला बोलायला काय जातंय? पुण्यातल्या घराचा हप्ता आहे, पोरांच्या शाळेची फी आहे. मी नाही म्हटलं तर उद्या माझंच नाव यादीत." त्याचे म्हणणे खोटे नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मोठ्या कंपनीने सुमारे बारा हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायरीचीच माणसे होती. मधला माणूस सुपात नाही, तोही जात्यातच आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला घरी बसून शौर्य शिकवणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून रोजचे मागणे राजीनाम्याचे नसावे. राजीनाम्याची वेळ शंभरात एकदा येते. उरलेल्या नव्याण्णव वेळा जे करायचे असते त्याला नोकरी पणाला लावावी लागत नाही. हाताखालच्याने केलेले काम साहेबांना त्याच्या नावानिशी सांगावे. चुकले तर आधी "आम्ही चुकलो" म्हणावे, मग आत बसून कोणाचे चुकले ते पाहावे. माणसात उणे दिसले तर ते त्याच महिन्यात त्याला सांगावे, वर्षभर वहीत साठवून शेवटच्या दिवशी काढू नये. जो हे नव्याण्णव वेळा करतो, त्याचे शंभराव्या वेळचे "नाही" वरही ऐकले जाण्याचा संभव असतो. जो कधीच करत नाही, त्याचे "नाही" कोणाच्याच कानात शिरत नाही.

आता हे शिकवता येते काय? शिकवण्याचे प्रयत्न भरपूर आहेत. टाटा समूहाने १९६६ सालापासून पुण्यात व्यवस्थापकांसाठी खास शिक्षणकेंद्र चालवले आहे. अशा वर्गांना नावे ठेवण्याचे कारण नाही. बोलावे कसे, ऐकावे कसे, काम वाटावे कसे, हे तिथे समजते. परंतु समजणे आणि अंगी येणे यांत अंतर आहे. दिंडीत वीणेकरी कसा तयार होतो? तो वर्षानुवर्षे चालतो, टाळ धरतो, जुन्या वीणेकऱ्याच्या शेजारी उभा राहतो. जुना थकला म्हणजे घटकाभर वीणा याच्या गळ्यात येते, पुन्हा परत जाते. अशी येत-जात ती एक दिवस राहते. कंपन्यांनीही पद देण्याच्या आधी दोन माणसांचा भार देऊन पाहावा. आणि ज्याला तो मानवत नाही, त्याला अपमान न वाटता आपल्या कसबाकडे परत जाण्याची वाट ठेवावी. मृदंगी आयुष्यभर मृदंगी राहिला म्हणून दिंडीत त्याचा मान कमी होत नाही. काही कंपन्यांत कसबी माणसाला माणसे न सांभाळताही वर चढण्याची सोय आहे. ती सगळीकडे हवी.

शेवटी एक रीत सांगतो, जी आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी राहिलेले गृहस्थ. माउलींच्या पालखीला त्यांनी शिस्त घालून दिली. मुक्कामी समाज आरतीला सगळ्या दिंड्या जमतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि हजारोंचे टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपला टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, तोड काढतात. हरवले-सापडलेले पुकारले जाते. मगच आरती होते.

किती साधी रीत! तक्रार करणारा उद्धट ठरत नाही, कारण त्याने टाळ वाजवावा अशीच सोय आहे. आणि चोपदाराला त्याच्याकडे चालत जावे लागते. त्याने चोपदाराकडे यायचे नसते. आपल्या मुलांनी आठवड्यातून एकदा आपल्या दहा जणांना बसवून कामाच्या आधी एवढेच विचारावे, की कोणाचा टाळ अजून वाजतो आहे? पहिले चार आठवडे कोणी बोलणार नाही. त्यावरून सगळे सुखी आहेत असे समजू नये. भीती असली तरी टाळ बंदच असतात. विचारत राहावे, आणि जो पहिला बोलेल त्याचे वाईट होऊ देऊ नये.

तेव्हा, मधला माणूस कोणाचा? हुकूम कोणाचाही असो, त्याचा बोल जो आपल्या अंगावर घेतो, तो दोन्हीकडचा होतो. जो घेत नाही, त्याला वरचा वापरून घेतो आणि खालचा त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तुकोबारायांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलुजात येते, तेव्हा पुण्याची पोरेही रजा काढून घरी येतात. या वेळी आल्यावर "किती माणसं तुझ्या हाताखाली?" असे विचारण्याची आपली सवय आहे. त्याऐवजी विचारून पाहावे, "बाळा, तुझ्या माणसांपैकी यंदा कोणाचं भलं झालं?" आणि तो जे सांगेल ते, चहा निवला तरी, पुरते ऐकून घ्यावे.