मुश्किल कोणाची?

गेल्या वर्षी ईशाच्या नमाजनंतर एक तरुण पिता मशिदीत मागे रेंगाळला. सगळे निघून गेल्यावर त्याने विचारले, "मौलाना, अकीक्याला बकरा एक की दोन?" मुलासाठी दोन आणि मुलीसाठी एक, हे आपल्या घराघरांत ठाऊक असते. मी तसे म्हणताच त्याने खिशातून घड्या घातलेला कागद काढला. बाळ पाच दिवसांचे होते आणि ते मुलगा आहे की मुलगी, हे प्रसूतिगृहात कोणालाच निश्चित सांगता आले नव्हते. मोठ्या शहरात जाऊन तपासण्या करा, एवढेच त्या कागदावर लिहिले होते.

काही आठवड्यांनी अहवाल आला. गुणसूत्रे पुरुषाची, एक्स आणि वाय. मात्र अँड्रोजन रिसेप्टरच्या जनुकात बदल. हा रिसेप्टर म्हणजे काय, हे मलाही एका डॉक्टरमित्राकडून समजून घ्यावे लागले. गर्भाच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांची बाह्य रचना एकसारखीच असते. पुढे वाय गुणसूत्रामुळे वृषण तयार होतात आणि त्यांतून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते. पण संप्रेरक स्रवले म्हणजे काम झाले असे नाही. अजान कितीही स्पष्ट दिली, तरी ऐकणाऱ्याचा कान हवा. पेशीतील तो कान म्हणजे रिसेप्टर. तो मुळीच ऐकत नसेल, तर एक्स-वाय गुणसूत्रांचे बाळ बाहेरून पूर्णपणे मुलगी दिसते आणि बहुधा वयात आल्यावर मासिक पाळी येत नाही तेव्हाच ही गोष्ट उघडकीस येते. तो अर्धवट ऐकत असेल, तर रचना अधलीमधली राहते.

या जनुकाची रचना १९८८ मध्ये उलगडली. त्याच्या एका भागात तीन अक्षरांचा एक गट पुन्हापुन्हा येतो. कुणात वीसदा, कुणात त्याहून कमी किंवा अधिक. आवर्तने वाढली की रिसेप्टरचा प्रतिसाद साधारणतः थोडा मंदावतो. म्हणजे जुम्याच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही सारे पुरुषही या बाबतीत एकसारखे नाही. हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स मिळतो तो केवळ आईकडून. त्या घरात एवढे कळायचाच अवकाश होता. ग्रहणात बाहेर पडल्याबद्दल सुनेला आधीच बोल लावले जात होते. आता त्या बोलांना प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला. वास्तविक काही वेळा हा बदल आईमध्येही नसतो, तो नव्यानेच घडतो. आणि असला तरी तिने तो निवडला होता काय? मातेच्या गर्भात हवा तसा आकार देणारा अल्लाहच आहे, असे सूरह आले इमरानच्या आरंभीच आपण वाचतो. ते मान्य करून सुनेला गुन्हेगार ठरवणे ही ईमानातील विसंगती आहे. आजींना मी हे सांगितले. त्या रागावल्या.

आमच्या 'हिदाया'तील शेवटचे प्रकरण खुन्साविषयी आहे. वर्ष संपत आलेले असे, उस्ताद ते घाईने उरकत आणि आम्ही विद्यार्थी माना खाली घालून हसत असू. आज त्याची लाज वाटते. ज्याचा निर्णय लागत नाही, त्याला फकीहांनी 'खुन्सा मुश्किल' म्हटले. ही मुश्किल मला निर्णय देणाऱ्याची वाटते, बाळाची नव्हे. अशी व्यक्ती जमातीत आली, तर तिने पुरुषांच्या सफेमागे आणि स्त्रियांच्या सफेपुढे उभे राहावे, असे ते सांगतात. तिने मशिदीत यावे की नाही, हा प्रश्नच ते उपस्थित करत नाहीत. वारशात हनफी दोन संभाव्य हिश्शांपैकी लहान हिस्सा देतात. कोकणातील आपले शाफई बांधव निश्चित तेवढा हिस्सा देऊन उरलेला निर्णय होईपर्यंत राखून ठेवतात. हनफी असूनही मला शाफईंचे हे थांबणे अधिक न्याय्य वाटते.

हे थांबणे शस्त्रक्रियेच्या बाबतीत का नसावे? मक्केच्या फिकह अकादमीने १९८९ मध्ये संमिश्र चिन्हे असलेल्यांच्या उपचारास मुभा दिली आहे. मुभा असणे म्हणजे घाई करणे नव्हे. लघवीचा मार्ग अडत असेल, तर एक दिवसही दवडू नये. पण केवळ पाहुण्यांना उत्तर देता यावे म्हणून, पुढे ते बाळ स्वतःला काय म्हणून ओळखेल हे कळण्याआधीच, त्याच्या शरीरातून काही कायमचे कापून टाकण्याचा अधिकार पालकांना आहे काय? शरीर ही अमानत आहे आणि ती त्या बाळाकडे सोपवलेली आहे. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर तमिळनाडू सरकारने जिवाला धोका नसताना तान्ह्या बाळांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली. "पण शाळेत मुले चिडवतील, त्याचे काय?" असे तो पिता म्हणाला. ही भीती खोटी नाही आणि तिच्यावर माझ्याकडे पुरेसे उत्तरही नाही. मात्र चिडवणारी मुले आपल्याच घरांत वाढतात.

त्या रात्री मी त्याला दोन बकरे सुचवले, ऐपत असेल तर. नसेल तर अकीका पुढेही करता येतो. नाव नूर ठेवले. ते मुलालाही शोभते, मुलीलाही. शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद अजून सहीविना घरात पडून आहे. पुढच्या तपासणीला आजीही सोबत जाणार आहेत, असे परवा कळले.