शालीशेजारी एक धोटा

1928 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या कापडगिरण्या बंद पडल्या, त्या ऑक्टोबरात सुरू झाल्या. सुमारे दीड लाख माणसं सहा महिने बिनपगारी बसली. मजुरी छाटायची आणि एकेकाच्या अंगावर जादा माग टाकायचे, हा मालकांचा बेत त्यांनी अडवून धरला. त्या संपाच्या पुढाऱ्यांचा गौरव व्हावा, यात वाद नाही. ना. म. जोशी, डांगे, मिरजकर ही नावं निदान ऐकलेली असतात. पण अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणीतलेच कामगार. पुढे ते कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कट खटल्यात गोवले गेले. आज लालबाग-परळात त्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

मात्र शाल, श्रीफळ आणि चार विशेषणं एवढ्यावर गौरव आटोपायचा असेल, तर ती पूजाच झाली. आणि पूजेत हिशेब कोणी विचारत नाही.

हिशेब धोट्यापाशी आहे. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन. कांडीवरचं सूत संपलं की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. दिवसातून कितीतरी वेळा. अस्पृश्याचं तोंड लागलेलं सूत आपल्या तोंडी कसं लावायचं, म्हणून त्याला विणाई खात्याचं दार बंद! जास्त मजुरीचं खातं नेमकं तेच. बाकी कापसाची धूळ सगळ्यांच्या छातीत सारखीच जात होती. तिचा विटाळ कोणाला झाला नाही.

डॉ. आंबेडकरांनी याच संपात प्रश्न टाकला: ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी ती घेतली, पण आढेवेढे घेत. मालकांपुढे ती गेली तेव्हा ते म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकांचं एवढं एक उत्तर तरी खरं होतं.

'तो काळच तसा होता' हे ठरलेलं समर्थन. मग आंबेडकर कोणत्या काळात बोलत होते? शहर तेच, वर्ष तेच. दुसरा आक्षेप असा, की जुनं उकरलं तर एकजूट मोडते. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्हींना कामगारांचे शत्रू म्हटलं. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. उकरून काढल्यावरही एकजूट झाली ती अशी.

सत्काराच्या यादीत खानावळवाल्या तर कधीच नसतात. बायकामुलं कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेल्या कामगाराचं ताट त्यांच्याकडे. पगार थांबला तरी ते उधारीवर वाढलं जाई. या बायकांना कोणत्या समितीने व्यासपीठावर बोलावलं?

पुढचा समारंभ ठरेल तेव्हा टेबलावर शालीशेजारी एक जुना धोटा ठेवा. पाहुण्यांपैकी एखादा तो हातात घेऊन विचारेलच, की हे भोक कशासाठी?