फळाची अपेक्षा कुणी सोडायची?

निष्काम कर्माचा उपदेश आमच्या कारखान्यांत नेहमी वरून खाली येतो. मी चाकणच्या एका वेल्ड शॉपमध्ये क्वालिटी बघते. तिथे डावा आणि उजवा ब्रॅकेट इतके सारखे दिसतात की शिफ्ट संपता संपता हात चुकतोच. काँट्रॅक्टवरच्या एका ऑपरेटर ताईंनी फिक्स्चरमध्ये एक पिन बसवायला सुचवलं. चुकीचा ब्रॅकेट मग बसेचना. जपानी पद्धतीत याला पोका-योके म्हणतात. रिजेक्शन थांबलं आणि कायझेनचं, म्हणजे सुधारणा सुचवल्याचं, बक्षीस लाइन इंजिनिअरला मिळालं. ताईंनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, आपण कर्म करत राहायचं, फळाची आशा कशाला?"

मला संताप आला, तो गीतेवरच्या प्रेमापोटी. कृष्णाने हे सांगितलं अर्जुनाला: धनुष्य हाती असलेल्या, राज्यावर हक्क असलेल्या पुरुषाला. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की कर्मं प्रकृतीच्या गुणांकडून घडतात, अहंकाराने भुललेला मात्र स्वतःला कर्ता मानतो. म्हणजे श्रेय ज्याच्या हाती आहे त्याने ते सोडायचं. जिला ते कधी मिळालंच नाही, ती सोडणार काय?

प्रकृतीचा हाच विचार सांख्य तत्त्वज्ञानातही आहे. तिथला पुरुष तर काहीच करत नाही, फक्त पाहतो. सगळी खटपट प्रकृतीची. तो पुरुष म्हणजे शुद्ध चैतन्य, बाईतही तेच आणि बाप्यातही, हे मान्य. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती काहीच परत न करणाऱ्या पुरुषासाठी निःस्वार्थपणे राबते, तिथे मी दरवेळी अडखळते. कारखान्यातही तेच: मीटिंगचं टिपण बाईने लिहायचं, चहाचंही तिनेच बघायचं, आणि स्लाइडवर नाव मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचं. ही घडी फार जुनी आहे.

जानेवारी २०२५मध्ये जो रोगनच्या पॉडकास्टवर मार्क झुकरबर्ग म्हणाले की पुरुषी ऊर्जा चांगली असते, आक्रमकतेचा थोडा गौरव करणाऱ्या संस्कृतीचेही फायदे असतात. त्या पिनेला आक्रमकता लागली नव्हती. लागलं होतं ते एकाच जागी उभं राहून, पाठ दुखत असताना, हात नेमका कुठे चुकतो ते पाहत राहणं.

म्हणून कायझेनच्या अर्जावर इंजिनिअरच्या आधी ऑपरेटरच्या नावाचा रकाना हवा, असा माझा आग्रह आहे. रक्कमही तिच्याच खात्यात जावी. ती ठेवायची की पंढरीला जाऊन विठ्ठलाच्या पायाशी वाहायची, हे ती ठरवेल.